श्रद्धेची पारख आणि काळाची साक्ष : मराठी ख्रिस्ती धर्मांतराच्या इतिहासातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव, गाव आणि दिनांक सापडतात. त्या दिवशी पाण्याखाली मस्तक नमविणाऱ्या मनुष्याची श्रद्धा खरी होती काय, आणि ती टिकली काय, हे मात्र नोंदवही सांगत नाही. धर्मांतराच्या इतिहासाचा अभ्यासक या ठिकाणी बहुधा दोहोंपैकी एक वाट धरतो. श्रद्धा ही अंतःकरणातील गोष्ट असल्याने तिचा विचार इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानून तो केवळ संख्या आणि संस्था यांचे वर्णन करतो. किंवा समकालीनांनी दिलेला निवाडाच प्रमाण मानून कोणाला खरा ख्रिस्ती आणि कोणाला पोटार्थी ख्रिस्ती ठरवून मोकळा होतो. यांतील पहिली वाट विषयाचा गाभाच टाळते, तर दुसरीत एका पक्षाचा पूर्वग्रह इतिहास म्हणून पुढे येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न तीव्रतेने उपस्थित झाला, याचे कारण उघड आहे. धर्मांतराचे विरोधक आमिषाचा आरोप करीत होते. आणि मिशनऱ्यांनाही फसवणुकीची धास्ती होतीच. दोघांचीही दृष्टी बाप्तिस्म्याच्या क्षणावर आणि त्यामागील हेतूवर खिळलेली होती. श्रद्धेचा खरेपणा आरंभीच्या हेतूवरून ठरविता येत नाही, आधार सुटल्यानंतरच्या आयुष्यावरून मात्र त्याविषयी काही सांगता येते, हा विचार एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील काही मराठी उदाहरणांच्या साहाय्याने येथे तपासावयाचा आहे. ही उदाहरणे बेळगाव, नगर आणि केडगाव येथील असून अखेरचे उदाहरण खानदेशातील जुन्या एरंडोल तालुक्यापर्यंत येऊन पोहोचते.

२. कसोटीची पूर्वपरंपरा

खऱ्या आणि वरवरच्या श्रद्धेतील भेद ख्रिस्ती धर्माला नवा नाही. शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी लवकर उगवते, पण मूळ खोल नसल्याने उन्हात करपून जाते. वचन आनंदाने स्वीकारणारा मनुष्यही संकट आले की गळून पडतो, असा त्या दाखल्याचा अर्थ तेथेच सांगितलेला आहे. आरंभीचा आनंद म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे, हे सूत्र म्हणून मूळ ग्रंथातलेच आहे. झाड फळावरून ओळखावे, हा दृष्टान्तही त्याच परंपरेतील.

या सूत्राला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत अमेरिकन तत्त्वचिंतक जोनाथन एडवर्ड्‌स याचे नाव अग्रगण्य होय. १७४० च्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उसळली. रडणे, मूर्च्छा, आवेशपूर्ण प्रार्थना असे प्रकार सर्रास दिसू लागले. लाट ओसरल्यावर, १७४६ मध्ये, एडवर्ड्‌सने धार्मिक भावनांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भावनेची तीव्रता, शरीरावर होणारा परिणाम, धर्माविषयी अस्खलित बोलता येणे, स्वतःच्या तारणाची खात्री वाटणे अशा बारा गोष्टींवरून काहीच निश्चित सिद्ध होत नाही, असे त्याने आधी दाखविले. मग खऱ्या भावनेची बारा लक्षणे सांगून त्यांतील शेवटच्या लक्षणाला, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या आचरणाला, सर्वांत अधिक महत्त्व दिले.

या विचाराचा महाराष्ट्राशी संबंध दूरान्वयाचा नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतूनच आले होते, आणि त्यांच्या कार्यातून वाढलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे घातले. चर्चचे सभासदत्व मागणाऱ्याने आपल्या अनुभवाची साक्ष द्यावी आणि मंडळीने ती पारखून घ्यावी, हा या परंपरेचा जुना दंडक होता. मात्र न्यू इंग्लंडमध्ये ही पारख ख्रिस्ती समाजातच जन्मलेल्यांची होत असे. महाराष्ट्रात ती जात, कुटुंब आणि उपजीविका यांचे सर्व संबंध तोडून येणाऱ्यांची, अथवा असे संबंध ज्यांना मुळातच फारसे काही देत नव्हते अशांची, होऊ लागली. तिचा अर्थ त्यामुळे बदलला.

३. त्यागाची कसोटी आणि तिची मर्यादा

आरंभीच्या उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या बाबतीत त्याग हीच कसोटी मानली गेली, आणि ती प्रत्यक्षात कठोर होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यामागून मिशनकडे गेलेल्या श्रीपत या लहान भावाचा ताबा न्यायालयाने आईवडिलांकडे दिला. पुढे श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद माजला आणि त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही विरोध सहन करावा लागला. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित राखणारा कायदा झाला तो १८५० मध्ये. तोपर्यंत बाप्तिस्मा म्हणजे घर, जात आणि वारसा या तिन्हींना मुकण्याची सिद्धता असा अर्थ होता.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बेळगावात जन्मलेले हे कासार समाजातील तरुण मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले आणि परमहंस सभेच्या वर्तुळातही वावरले. ख्रिस्ती धर्माची सत्यता बुद्धीला पटल्यावरही घरच्यांचे दुःख आणि लोकांचे भय यांमुळे त्यांचे पाऊल दीर्घकाळ अडखळले. १८५४ मध्ये त्यांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. ही घालमेल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात १८८८ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, मांडली. उत्तरायुष्यातून मागे पाहताना पूर्वायुष्याची संगती लावण्याचा मोह आत्मचरित्रकाराला होतोच. म्हणून ‘अरुणोदय’ हा श्रद्धेचा पुरावा म्हणून जपूनच वापरावा लागतो. अधिक भरवशाचा पुरावा म्हणजे बाप्तिस्म्यानंतरची बावन्न वर्षे होत. या काळात ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पासून कोश, टीका आणि बोधपर ग्रंथांपर्यंत त्यांचे लेखन अखंड चालू राहिले. एका क्षणाच्या आवेशावर एवढी मजल मारता येत नाही.

परंतु त्यागाच्या कसोटीत एक दोष आहे. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे, त्याच्याच बाबतीत ती लावता येते. ज्याला ना वारसा, ना प्रतिष्ठा, त्याने कशाचा त्याग करून आपली श्रद्धा सिद्ध करावी? या प्रश्नाचे उत्तर न शोधता ही कसोटी सर्वांना लावली गेली, आणि तिचा परिणाम दुष्काळाच्या काळात दिसून आला.

४. दुष्काळ आणि संशय

१८७६–७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. त्यानंतरच्या काळात नगर जिल्ह्यात महार आणि मांग समाजांतून मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती मंडळ्यांत आले. पुढे १८९६–९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९–१९०० चा दुष्काळ पडला. हा दुसरा संवत १९५६ मधील म्हणून ‘छप्पन्नचा’ या नावाने गुजरात-खानदेशच्या स्मरणात राहिला. मिशनांनी अन्नछत्रे, कामे आणि अनाथगृहे चालविली. हे लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असा आक्षेप साहजिकच आला, आणि तो आजही उच्चारला जातो.

हा आक्षेप मिशनऱ्यांच्या मनातही होता. तेलुगू प्रांतातील ओंगोल येथे जॉन क्लफ या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने दुष्काळनिवारणाचे काम चालू असेतो बाप्तिस्मे थांबवून धरले. मदत बंद झाल्यावरही लोक येतच राहिले, आणि ३ जुलै १८७८ या एकाच दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. आधार काढून घेतल्यावर काय उरते हे पाहणारी ही पद्धत त्यागाच्या कसोटीपेक्षा न्याय्य होती, यात शंका नाही. तथापि तीही दाराशीच उभे राहून केलेली परीक्षा होती.

भूक आणि श्रद्धा या एकमेकींना वगळणाऱ्या गोष्टी आहेत, हे या आक्षेपामागील गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, वेठ भोगणाऱ्या आणि पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या मनुष्याला ज्या दारी अन्न मिळाले, तेथेच अक्षरे मिळाली, नावाने हाक मारणारा मिळाला आणि देवापुढे उभे राहण्याची जागाही मिळाली. यांतील कोणते कारण धार्मिक आणि कोणते ऐहिक, ही विभागणी त्याच्या स्वतःच्या मनात असण्याचे कारण नाही. ती सुस्थित निरीक्षकाची विभागणी आहे. उच्चवर्णीयाचे धर्मांतर वैचारिक आणि दलिताचे आर्थिक, असे मानण्याची जी प्रथा पडली, तिच्या मुळाशी हीच दृष्टी दिसते.

जे. वॉस्कम पिकेट यांनी भारतातील सामुदायिक धर्मांतरांची पाहणी करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. आरंभीचा हेतू कोणता होता यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर मिळालेले शिक्षण आणि मंडळीचा सांभाळ यांवर पुढील ख्रिस्ती जीवनाचा दर्जा अधिक अवलंबून असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पिकेट स्वतः मिशनरी होते, हे ध्यानात घेऊनही या निष्कर्षाचे मोल कमी होत नाही. कारण हेतुशुद्धीचा डांगोरा पिटण्यापेक्षा ‘हेतू मिश्र होते’ ही कबुली त्यांना अधिक गैरसोयीची होती.

पुढे इतिहासाने एक अनपेक्षित कसोटी लावली. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपती-आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू होत नाहीत. ज्यांच्या पूर्वजांवर लाभासाठी ख्रिस्ती झाल्याचा आरोप होता, त्यांच्या वंशजांना ख्रिस्ती राहण्याची किंमत मोजावी लागू लागली. कागदोपत्री नोंद आणि प्रत्यक्ष उपासना यांत अंतर पडण्याची शक्यता अशा स्थितीत नेहमीच असते. तरीही नगर जिल्ह्यातील मंडळ्या आजतागायत उभ्या आहेत, ही गोष्ट केवळ भाकरीच्या हिशेबाने उलगडत नाही.

५. रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरचा शोध

बाप्तिस्मा आणि श्रद्धा यांत काळाचे अंतर असू शकते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात मिळतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील काळातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला) वाचताना मोठी झुंज दृष्टीस पडते. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या शंका घेतात, चर्चच्या अधिकाराचा आदेश निमूटपणे मान्य करीत नाहीत, आणि आपल्या बुद्धीचे स्वातंत्र्य सोडण्यास नकार देतात. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्यांना हे श्रद्धेच्या कच्चेपणाचे चिन्ह वाटले.

१९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी स्वतःच या काळाविषयी निराळा निर्वाळा दिला आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांचे कथन आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून त्यांना स्वतःची उणीव जाणवली. हा हॅस्लम पाळकाचे काम करीत असतानाच, व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन देताना, पालटला होता. धर्माधिकारी असूनही श्रद्धेपासून दूर असता येते, हे रमाबाईंना त्या पुस्तकात दिसले. शंका घेणारी रमाबाई आणि शरण गेलेली रमाबाई या दोन भिन्न व्यक्ती नव्हेत. मिळालेल्या उत्तरावर समाधान न मानण्याचा तोच प्रामाणिकपणा दोहोंच्या मुळाशी आहे. त्यांच्या बाबतीत शंका हेच श्रद्धेच्या खरेपणाचे पूर्वचिन्ह ठरले.

१८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा त्याग केला. पुण्यातील मोठ्या सुधारकवर्गाचा आधार अशा प्रकारे गेला. पुढे दुष्काळात मध्य प्रांत आणि गुजरात येथून आणलेल्या शेकडो मुलींनी केडगावचे मुक्तिसदन भरून गेले. जून १९०५ मध्ये तेथे धर्मजागृतीची लाट आली. मुली रडून पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना चालू लागल्या. न्यू इंग्लंडमध्ये एडवर्ड्‌सपुढे जो प्रश्न होता, तोच केडगावात उभा राहिला. या प्रकारांवर काहींनी टीका केली, तर काहींनी त्यांतच सर्व काही पाहिले. रमाबाईंनी भावनेच्या उद्रेकाला मज्जाव केला नाही. सदनाचा दिनक्रमही त्यांनी मोडू दिला नाही. शेती, विणकाम, छापखाना, शाळा आणि आजूबाजूच्या खेड्यांत जाणारी मुलींची पथके ही कामे चालूच राहिली.

त्या लाटेपेक्षा अधिक टिकाऊ ठरले ते एक शांत काम. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांत घातली. जुळणी आणि छपाईचे काम सदनातील स्त्रियाच करीत. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निधन पावल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अश्रूंची साक्ष काही दिवसांची होती, मुद्रितशोधनाची अनेक वर्षांची. इतिहासाला दुसरीचे मोल अधिक वाटावे, हे स्वाभाविक आहे.

६. टिळक दांपत्य आणि धरणगावचा ठोंबरे

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या श्रद्धेचे मोजमाप मात्र त्या दिवसाहून १९१७ या वर्षावरून अधिक चांगले होते. त्या वर्षी त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. बावीस वर्षे ज्या संस्थेच्या आधाराने काम केले, तो आधार स्वेच्छेने दूर करून त्यांनी आपली श्रद्धा आपल्याच हातांनी पारखली, असे म्हणता येईल. क्लफने आपल्या मंडळींना जी कसोटी लावली, ती टिळकांनी स्वतःला लावली.

लक्ष्मीबाईंची (१८६८–१९३६) वाट याहून वेगळी. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या वियोगात राहिल्या. एकत्र आल्यावरही सोवळेओवळे पाळीत राहिल्या. जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात सुटली ती बाप्तिस्म्याच्या आधी, स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे येथे फळ आधी दिसले आणि संस्कार मागून आला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा प्रवास कोणताही अलौकिक आव न आणता सांगितला आहे. पतीच्या निधनानंतर त्यांनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने हे केले, ही गोष्ट अनुकरणाच्या श्रद्धेतून संभवत नाही.

या घराचा एरंडोल परिसराशी आलेला संबंध प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. पूर्वी एरंडोल तालुक्यात मोडणाऱ्या धरणगाव येथे १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म झाला. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखी माया दिली. ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या हूड, हळव्या आणि हट्टी स्वभावाचे चित्र आईच्या नजरेने रेखाटलेले आहे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळील भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. ते हिंदूच होते, हिंदूच राहिले.

धर्मांतराच्या आकडेवारीत या घटनेला स्थान नाही. श्रद्धेच्या पारखीत मात्र तिला मोठे स्थान आहे. धर्मप्रचार हेच ज्यांचे जीवितकार्य, त्यांच्या घरात एक परधर्मी तरुण वावरतो; त्याची कविता वाढते, त्याचे लाड होतात, त्याचे रुसवे काढले जातात, आणि त्या मायेची कोणतीही किंमत त्याच्याकडून घेतली जात नाही. आमिषाच्या आरोपाला टिळकांच्या घराने दिलेले हे उत्तर कोणत्याही वादग्रंथापेक्षा अधिक निर्णायक होय. ज्याच्याकडून धर्माला काहीच लाभ व्हावयाचा नाही, अशा मनुष्याशी होणारे वर्तन हे श्रद्धेचे असे फळ आहे की ज्याचे सोंग दीर्घकाळ वठविता येत नाही.

७. समारोप

वरील उदाहरणांवरून इतिहासकाराला उपयोगी पडतील अशा तीन खुणा हाती लागतात. पहिली, आधार सुटल्यानंतरचे सातत्य : १९५० नंतरच्या मंडळ्यांत, १८९३ नंतरच्या रमाबाईंत आणि १९१७ नंतरच्या टिळकांत ती दिसते. दुसरी, श्रद्धेने आपल्या लोकांची भाषा आत्मसात करणे. ‘अरुणोदय’, रमाबाईंचे बायबल आणि ‘ख्रिस्तायन’ ही तिची उदाहरणे होत. उसने घेतलेली श्रद्धा उसन्या शब्दांतच बोलत राहते. तिसरी, ज्यांच्यापासून काही मिळावयाचे नाही त्यांच्याशी असलेले वर्तन. तिचा पुरावा धरणगावच्या ठोंबऱ्यांच्या निमित्ताने मिळतो.

या खुणांना मर्यादाही आहेत. ज्यांची श्रद्धा टिकली नाही, त्यांची आरंभीची ओढ खोटीच होती असा निष्कर्ष यांतून काढता येत नाही. जातीचा बहिष्कार आणि उपासमार यांच्यापुढे वाकलेल्या मनुष्याला दांभिक म्हणण्याचा अधिकार सुखवस्तू अभ्यासकाला नाही. तसेच ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांचीच साक्ष उरते, आणि ज्यांनी केवळ दर रविवारी मंडळीत येऊन आपली मुले त्याच श्रद्धेत वाढविली, त्यांची साक्ष बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळींत विखुरलेली राहते. नगर जिल्ह्यातील आणि खानदेशातील मंडळ्यांच्या नोंदवह्या केवळ आरंभीच्या वर्षांपुरत्या न पाहता तीन-चार पिढ्यांच्या कालपटावर एकत्र वाचल्या, तर ‘भाकरीसाठी’ या शब्दाने झाकून टाकलेल्या एका मोठ्या समाजाच्या श्रद्धेचा इतिहास प्रथमच त्याच्या न्याय्य मापाने लिहिता येईल.